दादाचा ले-ऑफ

इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटाला एखादा चिमुकला शब्द बांधतात आणि अख्खा अर्थ फिरवून टाकतात. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणे. महाडच्या एका हायस्कुलात मी जन्मभर हीच शेपटं पोरांच्या गळी उतरवली. पोरं विचारायची, सर, असं का? मी सांगायचो, का ते विचारू नका, पाठ करा. मला स्वतःला हा प्रकार कधी आवडला नाही. पण पगार त्याचाच घेत होतो, तेव्हा तक्रार करणार कुणाकडे?

एकदा धड्यात 'ले ऑफ' आलं. मी फळ्यावर लिहिलं आणि कुणाला अर्थ माहीत आहे का म्हणून विचारलं. पुढच्या बाकावरची वकील-डॉक्टरांची हुशार मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागून पोलादपूरकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, ले-ऑफ म्हणजे गावाला येणे." वर्ग खदखदून हसला. ती बिचारी लाल झाली. मी वर्गावर असा काही ओरडलो की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले. मग पुस्तकातला अर्थ सांगितला आणि पुढच्या क्रियापदाकडे वळलो. तिला चूक म्हणण्याची माझी काही हिंमत झाली नाही, कारण आमच्या घरात तोच अर्थ खरा धरला गेला होता.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. वीज नव्हती, रस्ता नव्हता, दवाखाना तर विचारूच नका. पण ले-ऑफ हा शब्द होता. वाडीतल्या बहुतेक घरांतला एकेक पुरुष मुंबईला गिरणीत. गिरणीत कापूस कमी पडला, नाहीतर तयार कापडाला उठाव नसला, की मालक काही खाती बंद ठेवायचे आणि तेवढ्या माणसांना सांगायचे, आता घरी बसा, बोलावू तेव्हा या. हा ले-ऑफ. तो मुंबईहून वळकटीबरोबर वाडीत आला आणि बायकांच्या तोंडी बसला. बैल लंगडायला लागला की बैल ले-ऑफवर. सून तापली की सासू म्हणायची, "हिला आज ले-ऑफ द्या गो." एक दात पडलेले आजोबा दिवसभर ओट्यावर बसून असायचे, त्यांना जाता-येता कुणीतरी विचारायचं, काय आजा, कायमचा ले-ऑफ काय? आजोबासुद्धा हसायचे.

पुढे मला त्या शब्दाचा छंदच लागला. कुठं जाड कोश दिसला की मी आधी तेच पान काढायचो. 'ले' म्हणजे खाली ठेवणे, 'ऑफ' म्हणजे दूर, बाजूला. फार पूर्वी खलाशी तो शब्द वापरायचे. जहाज किनाऱ्यापासून अंतर राखून ठेवायचं, म्हणजे 'ले ऑफ'. हे मला चटकन समजलं, कारण आमच्या दासगावच्या बंदरात मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ओहोटी लागलेली असली की गलबतं धक्क्यापासून लांब, खाडीच्या पाण्यात नुसती उभी राहायची. गलबत हाकलून दिलेलं नसायचं. भरती आली की ते आत येणार, हे धक्क्यावरच्या हमालालाही ठाऊक असायचं. पुढे हा शब्द जमिनीवर आला आणि कारखानदारांनी घेतला. हंगाम संपला, काम उरलं नाही, तेवढ्यापुरती माणसं बाजूला ठेवली. काम आलं की त्याच माणसांना परत घ्यायचं. इथपर्यंत शब्द सरळ होता. मग मालकांच्या लक्षात आलं की माणसाला 'काढून टाकलं' असं तोंडावर सांगण्यापेक्षा 'ले ऑफ केलं' म्हणणं सोयीचं आहे. अक्षरं तीच राहिली आणि आतलं परतीचं वचन कुणीतरी काढून घेतलं. आज इंग्रजीत ले ऑफ केलं म्हणजे माणूस गेलाच. या सगळ्या प्रवासाला इंग्रजीत शेकडो वर्षं लागली असतील. आमच्या घरात त्याला एक पावसाळा पुरला.

दादा माझा थोरला भाऊ. आमचे वडील लवकर गेले आणि मिसरूड फुटायच्या आत दादा मुंबईला गेला. गिरणगावात आमच्या वाडीची एक खोली होती, म्हणजे वाडीतल्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली. ज्याची रात्रपाळी तो दिवसा झोपणार, ज्याची दिवसपाळी तो रात्री. त्या खोलीत राहून दादाने आधी बदलीवर कामं केली. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं आत जायचं. अशी कितीतरी वर्षं फाटकाशी उभं राहून शेवटी त्याला साचाखात्यात कायमची जागा मिळाली. साचा म्हणजे माग. दादाकडे दोन साचे होते. गावी आला की तो त्यांच्याबद्दल बैलजोडीसारखं बोलायचा. डावा शहाणा, उजवा खोडकर. माझं शिक्षण त्या दोन साच्यांवर झालं. माझी नोकरी लागली तेव्हा दादा इतका खूश झाला की महाडच्या बाजारात त्याने मला छत्री घेऊन दिली, पावसाळा संपलेला असताना.

आमच्या अक्काचं, म्हणजे दादाच्या पाठच्या बहिणीचं, लग्न वरंधाकडच्या एका घरात झालं होतं. जमीन नावाला, तीही भावाभावांत वाटलेली. अक्काचा नवरा, आमचे दाजी, मुंबईला आमच्याच वाडीच्या खोलीत राहायचे. त्यांना कायमची जागा काही मिळत नव्हती. माणूस कष्टाळू, पण बोलण्यात कच्चा. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम, कामावर घेणं त्याच्या हातात; त्याच्या मागे-पुढे करणं त्यांना जमायचं नाही. दादानेच त्यांना साच्यावरचं काम शिकवलं होतं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाताच्या लावणीला मुंबईचा माणूस घरी यायचाच. लावणी ही काही नोकरीवर ठेवलेल्या माणसांनी होण्यासारखी गोष्ट नाही. चिखलणीला नांगर धरायला घरचा पुरुष पाहिजे, आणि आमच्या घरात नांगर धरणारा दादा एकटाच. मी मास्तर, रविवारचा पाहुणा. दादा दरवर्षी लावणीला यायचा आणि त्याच्या जागेवर खोलीतलाच कुणीतरी काम करायचा. बहुतेक वेळा दाजीच. दादाचा बिल्ला खिशात घालायचा, दादाच्या नावाला 'हजर' म्हणायचं आणि दादाचे साचे चालवायचे. जॉबरला माहीत असायचं. तो हसून सोडून द्यायचा. कापड निघतंय ना, मग झालं. सगळ्या खोल्यांतून हेच चालायचं. कुणाला यात काही लबाडी वाटायची नाही. शेजाऱ्याने आपली गुरं दोन दिवस चारली, त्यात कसली लबाडी?

त्या वर्षी लावणी तोंडावर आली आणि दादाच्या खात्याला ले-ऑफ लागला. दादाला वाटलं, देव पावला. रजेसाठी कुणाच्या पाया पडायला नको. पण एक मेख होती. ले-ऑफवरच्या माणसाने रोज ठरल्या वेळी गिरणीच्या फाटकाशी येऊन हजेरी द्यायची, असा नियम झाला होता. जो हजेरी देईल त्याला अर्धा पगार, आणि काम सुरू झालं की त्याला आत घेणार. दादाने जे दरवर्षी केलं तेच केलं. बिल्ला दाजींच्या हातात दिला आणि सांगितलं, माझ्या नावाची हजेरी देत जा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने धरमतर, तिथून एस.टी.ने महाड, आणि माझ्या खोलीवर चहा पिऊन तो वाडीला गेला.

चहा पिताना त्याने मला विचारलं होतं, तुझ्या पुस्तकात ले-ऑफचं काय लिहिलंय? मी कोश उघडून दाखवला. त्यात लिहिलं होतं, काम नसल्यामुळे तात्पुरतं बाजूला ठेवणे. मी त्याला शब्दन् शब्द मराठीत करून सांगितला. तो म्हणाला, "मंग बराबर हाय." मी सांगितलं त्यात काही खोटं नव्हतं. कोशातला अर्थ बरोबर होता, नियम बरोबर होता, दादाही त्याच्या रीतीने बरोबर होता. या सगळ्या बरोबरांचा मला आजही राग येतो.

दर रविवारी मी वाडीला जायचो. त्या वर्षीसारखा दादा मी कधी पाहिला नाही. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, आणि तोंडाचा पट्टा चालू. वहिनी आणि आई तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी भरत होत्या, आणि दादा बैलांना गिरणीतल्या जॉबरच्या नावाने शिव्या घालत होता. वहिनी हसून हसून वाकायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी दोघांनी सलग महिनाभर एका घरात कधी काढला नव्हता. तेवढा एक पावसाळा वहिनीला तिचा नवरा मिळाला.

मग पाऊस माजला. सावित्री महाडच्या बाजारपेठेत शिरली, एस.टी. बंद पडली, शाळेला सुट्टी दिली. पाणी उतरल्यावर आमच्या वाडीचा एक माणूस मुंबईहून आला. तो वाटेत अडकून पडला होता. त्याने दाजींचा निरोप आणला होता, की गिरणीचा भोंगा वाजला, खातं सुरू झालं, दादाला ताबडतोब लावून द्या. दादाने विचारलं, मग माझे साचे कोण चालवतंय? तो म्हणाला, दाजी. दादा निवांत झाला. वरच्या अंगाची दोन खाचरं लावायची राहिली होती. तरवा उपटून ठेवलेला. तो तसा टाकून गेला तर वर्षाचं भात बुडालं असतं. आईने मात्र विचारलं, निरोपात ताबडतोब म्हटलंय ना रे? दादा म्हणाला, दाजी हायत ना तिथं, माझीच माणसं हायत. आणि तो नांगर घेऊन वर गेला.

ती दोन खाचरं लावून होईपर्यंत मुंबईत वेगळंच घडलं. गिरणीत नवा हजेरी-कारकून आला होता. ले-ऑफ संपल्यावर त्याने जुनं हजेरीबुक बंद केलं, नवं उघडलं, आणि खात्यातल्या एकेका कामगाराला बोलावून नावापुढे अंगठा घेतला. दादाचं नाव पुकारलं गेलं. दादाचं, मग आमच्या वडिलांचं, मग आडनाव. दाजी पुढे झाले आणि अंगठा दिला.

दादा पोचला तेव्हा हे होऊन गेलं होतं. जॉबरने त्याला बाजूला घेतलं. तो जुना माणूस, दादाला ओळखणारा. त्याने साफ सांगितलं, हे मी आता निस्तरू शकत नाही. खरं बोलायला गेलास तर दुसऱ्याच्या नावावर काम केलं म्हणून तो जाईल, आणि दुसऱ्याला आपल्या नावावर पाठवलं म्हणून तू जाशील. जागा तिसऱ्यालाच मिळेल. आता पगार बुकातल्या अंगठ्यालाच मिळणार, गप्प राहिलात तर त्या एकाची चूल तरी पेटेल. बोलायचं की गप्प राहायचं ते तुमच्या गावात बसून ठरवा. दादा त्या दिवशी काचेतून आपले साचे बघून आला. दाजी ते चालवत होते, आणि चांगले चालवत होते.

गणपतीला मुंबईची माणसं घरी आली तेव्हा आमच्या ओट्यावर भावकी बसली. दाजी खांबाला टेकून बसले होते. अक्का दोन पोरांना घेऊन वरंधाहून आली होती. तिसरं पोटात होतं. ती मागच्या पडवीत जाऊन बसली, तांदळाचं सूप मांडीवर घेऊन. निवडायचं काहीच नव्हतं, स्वच्छ तांदूळ होते. मी आत-बाहेर करत होतो. शिकलेला म्हणून माझ्याकडे सगळे मधून मधून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कायदा वाचून दाखवा म्हणाले असते तर दाखवला असता. दुसरं माझ्याकडे काय होतं?

दाजींना विचारलं, अंगठा दिलाच का? ते म्हणाले, नाही दिला असता तर नाव त्याच जागी कापलं असतं. मी जागा राखायला दिला, घ्यायला नाही. हे खरं होतं. मी त्यांच्यावर भडकायचं ठरवून बसलो होतो, पण भडकायला जागाच सापडेना. पगारातला हिस्सा देण्याचं त्यांनी स्वतःहून काढलं. दादाने मान हलवली, नको म्हणाला. मग वहिनी दारात आली. सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड न उघडणारी बाई. ती म्हणाली, आमची जागा आमाला मिळनार नसंल तर कुनालाच नको, उद्या फाटकाशी जाऊन खरं ते सांगून टाका. ती चुकीचं बोलत होती असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तेव्हा आई उठली. तिने आधी पडवीकडे बघितलं, मग दादाकडे. ती म्हणाली, "तुला जमीन हाय रे, आनि दोन हात हायत. तिला काय हाय?" बास, एवढंच. माझ्या आईने माझ्या देखत पोराच्या ताटातलं काढून पोरीच्या ताटात वाढलं, आणि मग ती चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. दादा बराच वेळ पायाच्या नखाशी खेळत होता. शेवटी म्हणाला, "नाव माझंच चालतंय ना तिथं? चालू दे मंग." लोक उठले, आरतीची वेळ झाली होती.

दादाने नंतर मुंबईला जाऊन पुन्हा बदलीवर उभं राहावं असं आम्ही खूप सांगितलं. पण कुठल्या नावाने उभा राहणार? त्याचं नाव तर आत कामाला लागलेलं होतं. दुसऱ्या गिरणीत दुसरं नाव सांग, असं एकाने सुचवलं. दादा त्याच्या अंगावर धावून गेला. बापाने ठेवलेलं एकच नाव हाय माजं, म्हणाला. झालं. तो वाडीला राहिला. नाचणी-वरीच्या वरकस जमिनीत राबला, डोंगरात गुरं राखली. वाडीतली पोरं अजून थट्टेने ले-ऑफ, ले-ऑफ करायची, पण दादा दिसला की गप्प व्हायची. त्याची बडबड हळूहळू आटत गेली. वहिनीला आता नवरा बारा महिने घरात होता, पण चिखलात तिला हसवणारा तो नव्हता. तिने आईशी भांडण केलं नाही. अक्काशी मात्र पुन्हा बोलली नाही.

असं काही वर्षं चाललं. मग एका माघात दादा राबासाठी टाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढला. पुढच्या साली जिथं भाताचं रोप टाकायचं, ती जमीन भाजायला आमच्याकडे झाडांच्या फांद्या तोडून पसरतात. हे काम तो पोरवयापासून करत आला होता. फांदी मोडली आणि तो खालच्या दगडांवर पडला. डोलीत घालून पोलादपूरपर्यंत आणला, तिथून एका ट्रकवाल्याने महाडला. मला शाळेत निरोप आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. मी चादर काढली आणि त्याच्यावर ओरडलो, अरे ऊठ की. नर्सने मला धरून बाहेर नेलं. माझ्या भावाची बुद्धी शाबूत होती, हात शाबूत होते, दोन साचे एका वेळी चालवणारा माणूस झाडावरून पडून मेला. त्याने झाडावर असायलाच नको होतं. हे मी तेव्हा मोठ्याने म्हणालो आणि आताही म्हणतो.

दाजी चौथ्या दिवशी पोचले. मुंबईत त्यांनी मेव्हणा वारला म्हणून रजा घेतली होती. अंगणात आले आणि आईच्या पायांवर पडून लहान पोरासारखे रडले. सगळ्या विधींना ते पुढे होते, लाकडं वाहिली, पाणी भरलं. तेरावं झालं. पंगती उठल्या, माणसं पांगली. ओट्यावर आई, मी, दाजी आणि कोपऱ्यात वहिनी, एवढेच राहिलो. दाजी दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणत होते, रजा संपत होती.

वहिनी अचानक बोलली. इतक्या वर्षांत ती दाजींशी एक शब्द बोलली नव्हती. तिने विचारलं, तिथं रोज नाव पुकारतात काय? दाजी म्हणाले, रोज नाही, पगाराच्या दिवशी खिडकीवर पुकारतात. कोणाचं, तिने विचारलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, दादांचं. अख्खं? तिने विचारलं. अख्खं, सासऱ्यांच्या नावासकट, ते म्हणाले.

"आनि तुमी काय सांगता?"

"हजर," दाजी म्हणाले.

वहिनीचा हात कपाळाकडे गेला. तिथं तेरा दिवसांपूर्वी बायकांनी पुसून कोरं केलेलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने अगदी साधेपणाने, एखादा हिशेब चुकला असेल तर विचारावं तसं विचारलं, "त्ये तिकडं हजर हायत, मंग माजं कुकू कशापायी पुसलं?"

आईने तोंडाला पदर लावला. दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने गेले, कारण खाडा पडला असता तर नाव कापलं गेलं असतं.